देवीने डावी पाकळी दिली

त्या सकाळी परळच्या देवीसमोर मी श्रद्धेने उभा होतो की हट्टाने, हे मला आजही सांगता येत नाही. संपानंतर आमची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्या पडत्या काळात जन्मलेली माझी वैशू लग्नानंतर नवऱ्याच्या नादाने गर्दच्या नशेच्या आहारी गेली. त्यात तो गेला. ती वाचली मेथाडोनमुळे. गर्दची तलफ थोपवणारं हे औषध रोज व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन नर्ससमोर प्यायचं. मी देवीपुढे गेलो तेव्हा तिला पाचवा महिना होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध अचानक सोडलं तर बाळाच्या जिवावर बेतेल. मला मात्र एक विष जाऊन दुसरं आल्यासारखं वाटत होतं.

आमच्या कोकणातल्या रिवाजाप्रमाणे मी कौल लावला. गुरवाने देवीच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. औषध सोडवायचं असेल तर उजवी पाड, नाहीतर डावी, असं मी म्हटलं. डावी पडली. "पुन्हा लावा," मी गुरवाला म्हणालो. मागे उभी असलेली एक अनोळखी कोळीण कडाडली, "अरे बाबा, तिनं एकदा सांगितलं ना? तुझ्या मनासारखी पडंपर्यंत इचारीत बसशील काय? सरक, मलापन कौल लावायचाय!"

सगळे हसले. मी खाली मान घालून घरी आलो आणि वैशूला म्हटलं, "चल, औषधाची वेळ झाली."

"देवी काय म्हणाली, बाबा?"

"चल म्हणाली."

चिऊ जन्मली ती मूठभर. दुसऱ्या दिवसापासून थरथरायची, चिरक्या आवाजात रडायची, दूध ओढेना. आईच्या औषधाची सवय सुटताना असं होतं, डॉक्टरांना हे अपेक्षितच होतं. शांत, मंद उजेडाच्या खोलीत तिला गुंडाळून ते आमच्या छातीशी देत. थेंब थेंब औषधही चालू होतं. हळूहळू ती निवली. पुढे दर भेटीला डॉक्टर वजन घेत, डोक्याचा घेर मोजत, खुळखुळा वाजवून बघत आणि मी श्वास रोखून उभा राही. मान धरली, बसली. चालायला मात्र तिने वेळ लावला. एके दिवशी चाळीच्या गॅलरीत कठडा सोडून ती सरळ माझ्याकडे चालत आली. गिरणीत आमच्या खात्यातले सगळे माग एकदम सुरू होताना मी ऐकले आहेत, पण अंगावर तसा काटा कधी आला नव्हता.

एवढं मिळूनही चाळीत मी खोटं सांगत राहिलो. उजवी पडली, देवीने औषध सोडवलं, म्हणून नात धडधाकट! मला त्या औषधाची लाज वाटत होती. वैशू ऐकून आत निघून जायची.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचा सुरेश आला. "काका, सुनेला दिवस गेलेत. तिचंही तेच औषध चालू आहे. तुमच्यासारखं देवीचं नाव घेऊन उद्यापासून बंद करतो."

मी लगेच त्याला बसवून सगळं खरं सांगितलं. वैशू दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तीच सुरेशच्या सुनेला घेऊन केंद्रात गेली.

ती कोळीण मला पुन्हा दिसली नाही. आता देवीपुढे मी काही विचारत नाही. हात जोडतो आणि लगेच बाजूला सरकतो, मागच्याला जागा व्हावी म्हणून.