अंड्याभोवतीचा भुसा

भाकरीबरोबर कालवण नसायचं, तरी घरच्या कोंबडीची अंडी आम्हाला मिळाली नाहीत. आई ती माझ्या शाळेच्या फीसाठी बाजारात विकायची. पाटीत आधी भाताचा भुसा पसरायची. मी घाई केली की ओरडायची, "भवाने, भुसा घाल आधी! अंडं त्याच्याच जिवावर पोचतं."

आता मी वंध्यत्वाच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. काल एका बाईंचं एकच स्त्रीबीज हाती आलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्याच्याभोवती चिकट, पारदर्शक ढग छान फुललेला. हा ढग फुलला नाही, तर बीज बीजकोशातून नीट सुटत नाही.

"एकच का हो, मॅडम?" बाईंनी विचारलं.

"एकच. पण भुशात बसून आलंय," माझ्या तोंडून आईच बोलली.

आज सकाळी त्या बीजाचं फलन झालेलं दिसलं. बाईंना ते मी सांगितलं, आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीनं.