हॉलमागच्या उकिरड्यातली ढोलकी

मला राग लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी रागातच अनुभवलंय. प्रभूनं काय केलं याची साक्ष द्यायची तर नम्रपणे द्यावी म्हणतात. माझ्याच्यानं ते होत नाही, प्रभू मला ओळखून आहे.

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझे वडील, आबा, ख्रिस्ती कीर्तनकार. डोक्याला फेटा, गळ्यात ढोलकी, आणि सोलापूरच्या आसपासच्या खेड्यांत येशूची कथा स्वतःच्या पदांतून सांगत जन्मभर हिंडले. त्या उन्हाळ्यात त्यांच्यावरून वारं गेलं. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. महिन्याभरात ते काठी टेकत चालू लागले, पण तोंडातून शब्द फुटेना. ज्यानं जन्मभर तुझं नाव गायलं त्याचीच जीभ बांधलीस, म्हणून मी देवावर भयंकर चिडले होते. टॉवेलांना शिलाई घालता घालता मशीनवर बसून त्याच्याशी भांडायचे. जास्त नको, एक शब्द दे, एवढंच मागायचे.

तेवढ्यात आमच्या चर्चच्या मंडळीत बाहेरगावचे एक उपदेशक आले. मंडळीच्या हॉलमध्ये तीन दिवस सभा झाल्या. लोक हात वर करून रडत होते, आत्म्यानं भरून कुणाला न कळणाऱ्या अन्य भाषांत बोलत होते. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला आणि कितीतरी दिवसांनी मन हलकं झालं. तिसऱ्या दिवशी आबांना पुढं नेलं. उपदेशकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून 'बोल, येशूच्या नावानं बोल' म्हणून तीन वेळा हुकूम सोडला. आबांच्या तोंडातून लाळ तेवढी गळली.

मग उपदेशक माझ्याकडे वळले. "घरात जुन्या देवधर्मातलं काही ठेवलंय का?"

मी नाही म्हणाले. मागून आमच्यातलीच एक बाई बोलली, "ढोलकी हाय की."

"ती आधी बाहेर काढा. ती घरात असेपर्यंत वाचा यायची नाही."

आणि मी दिली. आबांच्या डोळ्यांदेखत खुंटीवरून काढून नेऊन दिली. त्याच ढोलकीवर आमच्या निम्म्या मंडळीनं प्रभूचं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं, त्या बाईनंसुद्धा. मला कळत होतं, तरी दिली. आशेपायी माणसाची अक्कल गहाण पडते. आबांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवणही टाकलं. आठ दिवस गेले, शब्द काही आला नाही. उपदेशकांचा निरोप मात्र आला, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून. त्या दिवशी मी प्रार्थनाही केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवलिंगप्पा दारात आले. आमच्या गल्लीतले तेलाचे दुकानदार, लिंगायत, सोमवारी मठात भजनाला ढोलकी वाजवणारे. काखेत आबांची ढोलकी.

"ताई, ही आबांचीच न्हवं का? हॉलच्या मागं उकिरड्यात पडली हुती. कातड्याची पुडी फाटली हुती, नवी घालून आणली. देवाचं वाद्य असं टाकत्यात व्हय?"

मला तोंड वर करवेना. ते उंबऱ्यावर टेकले आणि सूर बरोबर लागलाय का बघायला दोन-चार थापा मारल्या.

आतून आवाज आला. "धन्याच्या दारी आलो रे, रिकाम्या हाती आलो रे." आबांचंच पद. फाटका, ओला आवाज, पण शब्दन् शब्द स्पष्ट. मी धावत आत गेले, "आबा, पाणी देऊ?" म्हटलं, तर नुसतं "अं". बोलणं आलंच नव्हतं, फक्त गाणं आलं होतं. डॉक्टर पुढं म्हणाले, काहींचं असं होतं. असेल. मी वाद घातला नाही. नेमकं त्याच दुपारी शिवलिंगप्पांना कुणी धाडलं, ते मला माहीत आहे.

महिन्यानं ते उपदेशक परत आले. ढोलकी टाकली आणि वाचा आली, अशी साक्ष द्या म्हणाले. माझं डोकं फिरलं. आबांना घेऊन, काखेत चादरीचं एक गाठोडं मारून मी गेले ती मनात एकेका वाक्याला धार लावून. व्यासपीठावर त्यांनी विचारलं, "आबा, प्रभूनं काय केलं, सांगा." मी तोंड उघडणार, तोच आबांनी डाव्या हातानं माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बोट केलं. मी चादर सोडली आणि ढोलकी त्यांच्या पुढ्यात ठेवली. आबा डाव्या हातानं ठेका धरून गायले. ध्रुपद उचलणाऱ्यांत पहिली ती बाई होती. उपदेशक खाली बघत उभे होते. माझी वाक्यं माझ्यापाशीच राहिली, आणि त्यांची गरजही उरली नाही.

राग पुरता गेलाय असं म्हणणार नाही. तो मी प्रभूच्या हाती दिलाय, अधूनमधून परत मागते. पण आभार मानायला बसले की एक आठवतं. मी एक शब्द मागितला होता. आबा शेवटपर्यंत पाणीसुद्धा गाऊन मागायचे.