शेतकरी बांधवांनो, उद्या बैठक

आमच्या शेतकरी गटाच्या व्हॉट्सॲपचा ॲडमिन मी. मेसेजची सुरुवात ठरलेली: ‘शेतकरी बांधवांनो, राम राम.’ इतकी वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही, म्हणून मला वाटायचं, आपण फार छान लिहितो.

गटाचं पेरणीयंत्र एकच. नंबर लागतात पारावरच्या बैठकीत, आणि जो हजर नाही त्याचा शेवटी. हा नियमही माझाच. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनी आल्या नाहीत. दादा वारल्यापासून चार एकर त्याच बघतात, दादांच्याच मोबाईलवरून गटात आहेत. त्यांचा नंबर गेला तळाला. तोवर पेरणीजोगी ओल, वाफसा, राहतोय कुठला? मला राग आला. मेसेज बघायचा, यायचं नाही, आणि सोयाबीन उशिरा पेरलं की दैवाला बोल लावायचा! तडक बांधावर गेलो आणि ऐकवलं.

वहिनी हातातलं खुरपं तसंच धरून म्हणाल्या, “भाऊजी, बांधवांनो या म्हणलाव तुमी. मला वाटलं गड्यांची बैठक हाय. न बोलवता पारावर कसं यावं?”

“अवो, त्यात समदे आलेच की!”

“मग समद्यांना म्हणायला काय जातंय तुमचं?”

मी तसाच चिडून परतलो. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “खरंच हाय त्यांचं.” संध्याकाळी पेरणीयंत्राचा माझा दुसरा नंबर वहिनींना दिला आणि मी तळाला गेलो. लाज वाटली होती, दुसरं काय!

पुढचा मेसेज ‘शेतकरी तायांनो, दादांनो’ असा टाकला. एकानं लगेच विचारलं, “ॲडमिन, घरच्या वहिनी शेजारी बसून लिहून घ्यायल्यात व्हय?” हसले सगळे. पण त्या बैठकीला सहा बाया आल्या आणि पारावर सतरंजी कमी पडली. मला फार बरं वाटलं. नंतर शेजारच्या वहिनींनाही ॲडमिन केलं.

यंदा मेसेज त्यांनीच टाकला. ‘शेतकरी तायांनो, उद्या सकाळी आठला पारावर बैठक.’

वाचून मी फोन खाली ठेवला. म्हटलं, बायकांचं काहीतरी असेल.

मिनिटभरात तो परत वाजला. ‘दादांनी बी यावं. हजर नसंल त्याचा नंबर शेवटी.’

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच मी पारावर जाऊन बसलो.