पोट सुटलेली अक्षरं

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. त्यांच्या 'ठ'चं पोट सुटलेलं, 'ळ' डोळे मिचकावणारा, आणि वरची रेघ कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी मधेच झोल खाणारी. गोळ्या-बिस्किटांच्या दुकानाची पाटी बघूनच पोरं हट्टाला पेटायची. त्यांच्या लेकीने त्या अक्षरांचा कॉम्प्युटरवर फॉन्ट केला, तेव्हापासून तर ती खेळण्यांच्या खोक्यांवर, आइस्क्रीमच्या कपांवर, जिकडेतिकडे झाली. मी तोंडावर म्हणायचे, भाऊजी, तुमची अक्षरं नुसती लाडाची, कामाची नाहीत. ते हसण्यावारी न्यायचे.

मग ताईला विसर पडू लागला. आधी चष्मा विसरायची, मग गॅस, मग घरच. एकदा दार उघडून गेली ती बाजारापलीकडच्या पुलावर सापडली, अनवाणी. डॉक्टर म्हणाले, वाचता येतंय तोवर दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. भाऊजींना हुरूप आला. हे तर त्यांच्या हातचं काम. ब्रश धुऊन त्यांनी पाटी रंगवली, 'बाहेर जाऊ नकोस.' ताई पाटीपुढे उभी राहिली, 'ज'चं शेपूट बोटाने गोंजारलं, खुदकन हसली आणि कडी काढून चालू लागली. जिन्यातून मीच तिला धरून आणलं.

त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. पट्टी लावून बसायचे, तरी हात वळणावर जायचाच. सरळ अक्षरं एके काळी त्यांनाही यायची, पण इतक्या वर्षांत त्यांच्याकडे ती कोणी मागितलीच नव्हती. ताई प्रत्येक पाटी चित्रासारखी बघायची, वाचायची नाही. मला भयंकर राग यायचा, कोणावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी मीच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून साध्या, ठोकळेबाज अक्षरांत तेच छापून आणलं. भाऊजींनी आपल्या हाताने ते दारावर चिकटवलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

ताई आली. दारापाशी थांबून तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला आणि कडीवरचा हात काढून घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

मग कागदाकडे बघून तिने नाक मुरडलं. शेजारी चिकटपट्टी घेऊन भाऊजी उभे होते, त्यांनाच म्हणाली, "किती कोरडं लिहिलंय हो. आमच्या ह्यांना सांगा ना. ते छान काढतात अक्षरं."

भाऊजी चिकटपट्टीचं टोक नखाने उकरत राहिले.

"सांगतो," ते म्हणाले. "आले की सांगतो."

ताईचं समाधान झालं. खुर्ची दाराकडे वळवून ती त्यांची वाट बघत बसली.