चोर सोडायचा दिवस

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा चोर सोडला जायचा. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील, मी तेव्हा टाइम ऑफिसात टायपिस्ट होते. गेटवरचे वॉचमन किती जागे आहेत हे बघायला मॅनेजर स्टाफपैकी एकाला गुपचूप चोर नेमायचे. त्याने वेष बदलून गेटपासशिवाय आत यायचं, स्टोअरमधला लाल रंगाचा रिकामा डबा उचलायचा आणि तो घेऊन बाहेर पडायचं. सापडला तर वॉचमन जिंकले, सुटला तर चोर. कोणीही जिंको, कँटीनमध्ये सगळ्यांना बटाटेवडे असायचे. दिवाळीइतकी आम्ही त्या दिवसाची वाट बघायचो.

आमचा सगळ्यात चांगला चोर म्हणजे अकाउंट्समधले एक क्लार्क. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे. एरवी इतके गरीब, की आपलाच स्टेपलर कोणाकडून परत मागायला लाजायचे. पण चोर झाले की त्यांच्या अंगात यायचं. एका वर्षी ते उल्हासनगरचे कापडवाले शेठ बनून आले. खोटी मिशी, खांद्यावर तागा, तोंडात अर्धी सिंधी आणि अर्धी हिंदी. युनिफॉर्मच्या कापडाचा भाव विचारत वॉचमननेच त्यांना स्टोअरपर्यंत पोचवलं, आणि लाल डबा ताग्यात गुंडाळून शेठ राजरोस बाहेर पडले.

मग लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार सिक्युरिटी ऑफिसर म्हणून आले. त्यांची चाल बघून सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणायला लागले, आणि आपण मेजर नव्हतो हे त्यांनीही कधी सांगितलं नाही. आम्ही चोराचे लाड करतो, असं त्यांचं मत पडलं. शिक्षेची भीती नसेल तर चोर कसला आणि वॉचमन तरी कसला, असं ते म्हणायचे. त्या वर्षी क्लार्क दूधवाला होऊन आले आणि सापडले. मेजरसाहेबांनी त्यांच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली, ‘मी चोर आहे’, आणि शिफ्ट सुटेपर्यंत गेटबाहेर उन्हात स्टुलावर बसवलं. चहासुद्धा मिळू दिला नाही. आजूबाजूच्या कंपन्यांतली माणसं बघत बघत गेली, त्यात बदलापूरची पुष्कळ. क्लार्क घरी पोचायच्या आधी बातमी हेंद्रेपाड्यात पोचली, आणि गल्लीतली पोरं त्यांना चोरकाका म्हणायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझा इतका संताप झाला, की मेजरसाहेबांची पत्रं मी कितीतरी दिवस मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी टाइप करत होते.

पुढच्या वर्षी चोर व्हायला कोणी तयार होईना. क्लार्क तर विषय निघाला की वहीत डोकं घालायचे. चोर मिळाला नाही तर हा प्रकार कायमचा बंद, असं मॅनेजरनी सांगून टाकलं. मी मेजरसाहेबांना तोंडावर म्हटलं, ती पाटी जाळा, चोर आपोआप मिळेल. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि चोराचं मी बघतो.

ठरलेल्या दिवशी दुपारी स्टोअरमागच्या भिंतीवरून उतरताना एक म्हातारा पकडला गेला. डोक्याला मुंडासं, अंगात मळकी बंडी. पकडणारा आमचा वांगणीचा वॉचमन, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारा शांत माणूस. ओढाताणीत मुंडासं सुटलं, आणि खालून मेजरसाहेबांचे बारीक कापलेले फौजी केस निघाले.

वॉचमन जागच्या जागी गार झाला. मेजरसाहेबांनीच त्याला पाटी आणायला सांगितली, आपणच मान पुढे केली आणि स्टुलावर जाऊन ताठ बसले. आम्ही हसायला म्हणून बाहेर आलो होतो, पण हसू येईना. उन्हाने त्यांची मान लाल व्हायला लागली होती. मला त्यांची दया आली, याचाही मला राग आला. मी कँटीनमधून चहा आणला तर वॉचमनने मला अडवलं. चोराला चहा नाही, हा साहेबांचाच नियम. मग मी मेजरसाहेबांनाच म्हटलं, नियम तुमचा, तुम्हीच बदला.

“आत्ता मी चोर आहे, बाई,” ते म्हणाले. “चोराला नियम बदलता येत नाही. गेटवर जो उभा आहे त्याला विचारा.”

सगळे वॉचमनकडे बघायला लागले. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

“धरला तितंच खेल संपला,” तो म्हणाला. “आता मानसाला उनात कशाला बसवाचा?”

त्याने पाटी काढली आणि जरा विचार करून नवी शिक्षा सांगितली. सापडलेल्या चोराने सगळ्या वॉचमनना आपल्या हाताने चहा द्यायचा. मेजरसाहेबांनी किटली घेऊन एकेकाला चहा दिला. शेवटचा कप भरून ते अकाउंट्समध्ये गेले आणि क्लार्कच्या टेबलावर ठेवला. माझं चुकलं, एवढंच बोलले, आणि समोर उभे राहिले. क्लार्कनी चहा संपवला.

पुढच्या वर्षी हेड ऑफिसचे कोणी बडे अधिकारी गेटवर हजर झाले. सफारी सूट, काळा चष्मा आणि थेट मेजरसाहेबांची चाल. वॉचमननी खाडकन सलाम ठोकला. मेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले, क्षणभर त्या चालीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनीही सलाम ठोकला आणि पाहुण्यांना जातीने स्टोअरपर्यंत नेलं. लाल डबा ब्रीफकेसमध्ये घालून चोर बाहेर गेला. अकाउंट्समधली एक खुर्ची तेवढा वेळ रिकामी होती. तो सलाम खरा होता की खेळातला, असं मी वडे खाताना मेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, चोराची चाल चांगली होती.