ओटीतलं भिंग

दारावर फुलवालीनं आज सोनचाफा आणला आणि त्या वासासरशी मी मल्लेश्वरममधल्या माझ्या लग्नाच्या मांडवात जाऊन पोचले. साठ-एकसष्ट साल असेल. मी सासरी निघाले होते आणि बायका ओटी भरत होत्या.

त्यांत आम्हाला शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या इनामदारबाईही होत्या. वर्गात त्या आमच्या वेण्यांतली फुलं काढायला लावत, ब्लेडनं उभी चिरून आतलं सगळं भिंगातून दाखवत. त्या दिवशी त्यांनी माझ्या ओटीत तांदूळ-नारळ घातला आणि वर तेच पितळी कडीचं भिंग ठेवलं.

"बाई, हे कशाला?"

"तू बीएस्सी करशील असं मी धरूनच चालले होते. अजूनही कर. फुलं माळ गं, पण आत बघायचं सोडू नकोस."

"सरी, बाई," मी पदर सावरत हसून म्हटलं. बाजारात भाजीवाल्याला कानडीत 'बरं, ठीक' म्हणावं, तसं.

बाई हसल्या नाहीत. मला वाटलं, उन्हातून आल्यात, दमल्या असतील.

आजचा चाफा मी देवाला वाहिला. भिंग मात्र रोज हातात असतं. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं त्याशिवाय दिसत नाहीत.