हाताने एक फेरी

पोलंडमधल्या ज्या तांत्रिक विद्यापीठात मी शिकलो, ते गिरण्या खाऊन वाढलं. शहरातली एखादी कापडगिरणी बंद पडली, की थोड्याच दिवसांत तिथे विद्यापीठाची पाटी लागायची. आमचा कॉम्प्युटर विभाग रंगखात्यात होता, वाचनालय सूतखात्यात आणि कँटीन बॉयलरच्या खोलीत. सूप मात्र कायम गार.

अप्पांना हे कधी पटलं नाही. ते इचलकरंजीत यंत्रमागांचे जॉबर, म्हणजे माग जोडणारे, दुरुस्त करणारे मिस्त्री. "गिरणीत घालायचं नाही म्हणून तुला शिकवलं," ते फोनवर म्हणायचे, "आणि तू विमानानं जाऊन गिरणीतच बसलास!"

त्यात मी एक घोळ करून ठेवला होता. तिथल्या प्रोफेसरबाईंनी वडील काय करतात विचारलं, तेव्हा 'टेक्स्टाइल इंजिनिअर' असं ठोकून दिलं होतं. बाईंच्या ते पक्कं लक्षात राहिलं. दर नाताळात 'इंजिनिअरसाहेबांना नमस्कार' यायचा आणि मी तो परस्पर जिरवायचो.

गेल्या मे महिन्यात विद्यापीठाने उरलेली शेवटची गिरणीही घेतली. तिच्या दालनात एक जुना माग जोडला होता आणि तो चालवून उद्घाटन करायचं होतं. माजी विद्यार्थ्यांना व्हिडिओवर बोलावणं होतं. मी आता राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. अप्पा माझ्याकडे राहायला आलेले. रिकामपणाने ते कावले होते आणि माझ्या डिशवॉशरचे स्क्रू दोनदा आवळून झाले होते.

"अप्पा, प्लीज, कॅमेऱ्यात येऊ नका हं," म्हणत मी त्यांना पोह्यांची बशी देऊन बाजूला बसवलं. बाईंसमोर माझं खोटं उघडं पडेल, या धास्तीने मी लॅपटॉपही त्यांच्यापासून जरा वळवून ठेवला.

स्क्रीनवर बाईंनी मागाच्या बटणाकडे हात नेला आणि अप्पा गरजले, "थांबव तिला! धोटा उडंल की!"

बशीसकट ते स्क्रीनमध्ये घुसले. आडवा धागा नेणारा धोटा पाहुण्यांच्या अंगावर जाईल, असं मी घाईघाईने इंग्रजीत सांगितलं.

"हे तुमचे वडील? इंजिनिअर?" बाई खुलल्या.

"आधी हातानं एक फेरी फिरवा म्हणाव," अप्पा म्हणाले. "नवा जोडलेला माग कुणी थेट चालू करतं व्हय?"

तिकडच्यांनी फिरवला. उभे धागे उघडून धोट्याला वाट व्हायच्या आधीच त्याला ठोकणारी दांडी हलली. बाईंनी गुपचूप पाहुण्यांच्या खुर्च्या मागे घ्यायला लावल्या. मग अप्पा चमच्याने खुणा करत राहिले, मी भाषांतर करत राहिलो आणि तिकडचे दोन तरुण प्राध्यापक जमिनीवर पडून पान्याने नटबोल्ट फिरवत राहिले. अखेर माग खडखडत चालला.

बाईंनी माइकवर भारतातल्या इंजिनिअरसाहेबांचे आभार मानले. तेवढा शब्द अप्पांना कळत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले.

"नो इंजिनिअर," ते स्क्रीनला म्हणाले. "जॉबर."

जॉबर म्हणजे काय, ते मलाच सांगावं लागलं. वडिलांबद्दल मी तेव्हा खोटं बोललो होतो, हेही सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी चालत्या मागाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इंजिनिअर आमच्याकडे भरपूर आहेत. हा माग त्यांनीच जोडला होता."

"काय म्हणाली?" अप्पांनी विचारलं.

एवढं एक वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा भाषांतर करून घेतलं.